ज्येष्ठांचं समाधान मोजणाऱ्या प्रश्नावल्या: कोणती हाती घ्यावी, कोणती बाजूला ठेवावी

वृद्धाश्रम असो, दिवसा चालणारं ज्येष्ठांचं केंद्र असो किंवा घरी जाऊन शुश्रूषा करणारी सेवा असो, आपल्याकडची माणसं समाधानी आहेत का हा प्रश्न सगळ्यांनाच कधी ना कधी पडतो. त्यासाठी तयार प्रश्नावल्या पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच मोफत मिळतात. म्हणूनच हाताला लागेल ती उचलली जाते, भरून घेतली जाते आणि आकडे फाइलमध्ये जाऊन बसतात. इथे नेहमी वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्या तीन कसोट्यांवर तपासल्या आहेत. वयस्कर माणसाला ती न थकता भरता येते का? आलेल्या आकड्यावरून पुढे काही करता येतं का? आणि माणसाचा मूळ स्वभाव त्या आकड्यात मिसळून दिशाभूल करतो का? तिसऱ्या कसोटीकडे जवळपास कुणीच बघत नाही, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

एकच प्रश्नावली वापरायची असेल, तर कॅस्प-१९ ही ज्येष्ठांच्या जगण्याचा दर्जा मोजणारी १९ प्रश्नांची प्रश्नावली वापरा. दोन वापरता येत असतील, तर तिच्या आधी डब्ल्यूएचओ-५ घ्या. बाकीच्या कामाच्या आहेत, पण ठरावीक प्रसंगीच.

डब्ल्यूएचओ-५ ही १९९८ सालची, जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाची पाच वाक्यांची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत आणि निवांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, आणि दिवस मन रमेल अशा गोष्टींनी भरलेला होता का, एवढंच ती विचारते. प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण. बेरीज २५ पर्यंत जाते, तिला ४ ने गुणलं की १०० पैकी आकडा मिळतो. बेरीज ११ आली तर ४४. ५० किंवा त्याहून कमी आकडा आला, तर नैराश्याची वेगळी तपासणी करायची. त्याच माणसाचा आकडा मागच्या वेळेपेक्षा १० ने हलला, तर तो बदल खरा मानतात. ४ किंवा ८ चा फरक मनावर घेऊ नये.

दोन-तीन मिनिटांत ही भरून होते, यात कुठेही आजाराचं नाव येत नाही, त्यामुळे कुणी बिचकत नाही. कमतरता दोन. उत्साह आणि सकाळचा ताजेपणा हे दोन प्रश्न शरीराला चिकटलेले आहेत. सांधेदुखीने रात्रभर कूस बदलणारा किंवा लघवीसाठी चार वेळा उठणारा माणूस मनाने छान असला, तरी तिथे गुण गमावतो. त्यामुळे ५० च्या खाली आकडा आला की आधी कोणत्या प्रश्नांवर गुण गेले ते पाहा. पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या प्रश्नावर ४-४ गुण असतील आणि मधल्या दोनांवर शून्य, तर बेरीज १२ होते आणि आकडा ४८ येतो. असा कागद आधी दुखणं, झोप आणि औषधांकडे बोट दाखवतो. दुसरी कमतरता अशी की पाचही वाक्यं एकाच दिशेची आहेत. सगळ्याला मान डोलवणारा माणूस सरळ १०० वर जातो.

एड डीनर आणि सहकाऱ्यांची १९८५ सालची जीवन-समाधान प्रश्नावलीही पाचच वाक्यांची आहे. प्रत्येकाला १ ते ७ गुण, म्हणजे बेरीज ५ ते ३५, आणि २० हा मधला बिंदू. संशोधनात हिला मोठा मान आहे. पण ती संपूर्ण आयुष्याचा हिशेब मागते आणि शेवटचं वाक्य पुन्हा जगायला मिळालं तर काही बदलाल का, याबद्दलचं आहे. वयाच्या ऐंशीत हा प्रश्न जड पडतो. जोडीदार नुकताच गेलेल्या किंवा घर सोडून नव्या जागी आलेल्या माणसाला तो विचारूच नये. शिवाय या आकड्यावरून उद्या काय करायचं ते कळत नाही. भूतकाळ कुणाला बदलता येतो? मोठ्या गटाचा वर्षावर्षाचा कल पाहायचा असेल तर ठीक, एकेका माणसासाठी नको.

पॅनास ही भावनांची यादी ज्येष्ठांसाठी आहे तशी अजिबात वापरू नये. १९८८ सालची ही यादी २० शब्दांची, १० सुखद आणि १० दुःखद भावनांची. सुखद शब्द बघा: उत्तेजित, जोशपूर्ण, दक्ष, प्रेरित, निर्धारी, सक्रिय. यात शांत नाही, निश्चिंत नाही, समाधानी नाही. वय वाढतं तशी बहुतेकांची ओढ उसळत्या आनंदाकडून निवांतपणाकडे वळते. जे त्यांना हवंच आहे आणि मिळतही आहे, ते ही यादी मोजत नाही. मग आकडा कमी दिसतो आणि कर्मचारी उगाच गाण्याच्या भेंड्या लावायला धावतात. पुढे १९९४ साली आलेल्या तिच्या मोठ्या आवृत्तीत शांतपणाचे तीन शब्द वेगळे दिले आहेत. पॅनास वापरायचीच असेल, तर निदान ते तीन सोबत घ्या.

आता कॅस्प-१९. हाइड, विगिन्स, हिग्ज आणि ब्लेन या चौघांनी २००३ साली ती मांडली आणि इंग्लंडमधल्या वार्धक्याच्या दीर्घकालीन पाहणीत ती वर्षानुवर्षं वापरली जाते आहे. ती ज्येष्ठांसाठीच घडवलेली आहे, तरुणांची प्रश्नावली अक्षरं मोठी करून दिलेली नाही. चार भाग आहेत: नियंत्रण ४ प्रश्न, स्वायत्तता ५, आनंद ५ आणि स्वतःच्या क्षमतेचा वापर ५. उत्तरं चार: अनेकदा, कधीकधी, फारसं नाही, कधीच नाही. गुण ३ ते ०, एकूण ५७. आरोग्य आणि पैसा यांचा तिथे उल्लेख आहे, पण ते हवं ते करायला आड येतात का, एवढ्यापुरताच. हाच तिचा मोठा गुण. मधुमेह आहे म्हणून गुण कापले जात नाहीत. मधुमेहामुळे हवं ते करता येत नाही असं वाटत असेल, तरच कापले जातात.

तिचा खरा उपयोग एकूण बेरजेत नाही, चार भागांत आहे. समजा दोन माणसांची बेरीज ३६ आली. पहिल्याचे नियंत्रणात १२ पैकी ३, स्वायत्ततेत १५ पैकी ६, आनंदात १४, क्षमतेच्या वापरात १३. दुसऱ्याचे अनुक्रमे ११, १३, ५ आणि ७. कागदावर दोघं सारखे, पण दोघांची गरज पूर्ण उलटी. पहिल्याला माणसं आवडतात, दिवस आवडतो, पण त्याच्या आयुष्याचे निर्णय दुसरे घेत आहेत. त्याला आणखी एक कार्यक्रम देऊन काही होणार नाही. आंघोळीची वेळ कोण ठरवतं, खोलीचं दार आतून लावता येतं का, आपले पैसे आपल्या हाताने खर्च करता येतात का, डॉक्टर त्याच्याशी बोलतात की त्याच्या मुलाशी, हे तपासायला हवं. दुसरा मोकळा आहे, पण कशातच गोडी उरलेली नाही. त्याच्यासाठी आधी नैराश्याची चाचणी, मग बाकीचं.

गुण काढताना जी चूक होते, ती उलट्या प्रश्नांत. १९ पैकी ६ वाक्यं उलट्या दिशेची आहेत: वय आड येतं, घडणाऱ्या गोष्टी हाताबाहेर वाटतात, वगळल्यासारखं वाटतं, घरच्या जबाबदाऱ्या आड येतात, तब्येत आड येते, पैशाची चणचण आड येते. या सहांत ‘अनेकदा’ला ० आणि ‘कधीच नाही’ला ३ द्यायचे, म्हणजे सरळ गुण ३ मधून वजा करायचे. हे विसरलं तर दुःखी माणूस सुखी दिसतो. आणखी एक तपासणी प्रत्येक कागदावर करावी. कंटाळलेल्या किंवा नजर नीट नसलेल्या माणसाने वरपासून खालपर्यंत ‘अनेकदा’वरच खूण केली, तर उलट्या प्रश्नांचा हिशेब करूनही त्याचे ३९ गुण भरतात. आकडा अगदी विश्वासार्ह वाटतो. म्हणून बेरजेआधी खुणांची ओळ डोळ्यांखालून घाला. १९ खुणा एकाच रांगेत दिसल्या, तर तो कागद बाद करून दुसऱ्या दिवशी तोंडी विचारा.

घरच्या जबाबदाऱ्यांचं वाक्य हा तिचा कच्चा दुवा. नातवंडं सांभाळणं हे बंधनही असतं आणि जगण्याचं कारणही. त्या प्रश्नात गुण गेले म्हणून माणूस दुःखी आहे, असा निष्कर्ष काढू नका. लवकर थकणाऱ्यांसाठी १२ प्रश्नांची छोटी आवृत्ती आहे. पण तिच्या एकापेक्षा जास्त रचना फिरताहेत, तेव्हा एक निवडली की तीच शेवटपर्यंत ठेवा. १९ चे आकडे आणि १२ चे आकडे एका तक्त्यात कधीच मांडू नका.

नैराश्य शोधण्यासाठी जीडीएस-१५ अजूनही उत्तम. मूळ ३० प्रश्नांची प्रश्नावली १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची, १५ ची छोटी आवृत्ती १९८६ ची. उत्तर हो किंवा नाही एवढंच. भूक, झोप, वजन यांचे प्रश्न मुद्दाम गाळले आहेत, कारण उतारवयात त्या तक्रारी नैराश्य नसतानाही असतात. ५ च्या वर गुण गेले तर पुढची तपासणी, १० किंवा वर गेले तर उशीर नको. इथेही मान डोलवण्याचा सापळा आहे: १५ पैकी १० प्रश्नांत ‘हो’ला गुण आणि ५ प्रश्नांत ‘नाही’ला. सगळ्याला हो म्हणणाऱ्याचे १० होतात, सगळ्याला नाही म्हणणाऱ्याचे ५. बाहेर पडून नवं काही करण्यापेक्षा घरी राहणं आवडतं का, या प्रश्नावर जन्मभर एकांतप्रिय असलेला माणूस प्रामाणिकपणे हो म्हणेल. तो एक गुण स्वभावाचा आहे, आजाराचा नाही. पण जी बाई रोज चार घरं फिरायची तिने हो म्हटलं, तर तोच एक गुण गंभीर आहे. आत्महत्येच्या विचारांबद्दल ही प्रश्नावली थेट विचारत नाही, हे लक्षात ठेवा. ते वेगळं, प्रशिक्षित माणसानेच विचारायचं. स्मृतिभ्रंश पुढे गेलेला असेल तर हिचा भरवसा उरत नाही. त्यासाठी १९८८ ची कॉर्नेल मोजपट्टी आहे. तीत काळजी घेणाऱ्यालाही विचारतात आणि माणसाचं निरीक्षणही धरतात.

स्वभावाची प्रश्नावली समाधानाच्या आधी भरून घ्यावी, हे ठामपणे सांगावंसं वाटतं. बहिर्मुखता आणि मनाची अस्थिरता या दोन स्वभावगुणांचा सुखाच्या आकड्याशी घट्ट संबंध असतो, हे १९८० साली कोस्टा आणि मॅक्रे यांनी दाखवलं आणि नंतरही ते टिकलं. म्हणजे सतत चिंता करण्याचा पिंड असलेल्या माणसाचा आकडा चांगल्या काळातही जरा खालीच असणार. स्वभाव ठाऊक नसेल, तर त्याची तुलना शेजारच्या खोलीतल्या हसतमुख माणसाशी होते आणि दोघांवरही अन्याय होतो. स्वभावाची ओळख असेल, तर त्याचा डब्ल्यूएचओ-५ चा ४८ हा त्याच्यासाठी बरा दिवस आहे, हे कळतं.

स्वभावाच्या दहा प्रश्नांच्या झटपट चाचण्या, म्हणजे २००३ ची टीपी आणि २००७ ची बीएफआय-१०, मोहात पाडतात. पण एका स्वभावगुणावर दोनच प्रश्न असतात. शेकडो लोकांच्या सरासरीला ते चालतं, एका माणसाबद्दल काही ठरवायला नाही. २०१७ च्या बीएफआय-२ ची ३० प्रश्नांची आवृत्ती घ्या. प्रत्येक स्वभावगुणाला सहा प्रश्न मिळतात आणि मधे विश्रांती देऊन १०-१५ मिनिटांत होते. हवं असल्यास तीच वाक्यं जवळच्या एखाद्या व्यक्तीला त्या माणसाबद्दल विचारा. दोघांची उत्तरं जिथे फार वेगळी, तिथे बोलण्यासारखं काहीतरी असतं. निओ घराण्यातल्या स्वभाव-चाचण्या सखोल आहेत, पण त्यांना परवाना लागतो आणि त्या पात्र मानसतज्ज्ञानेच वापरायच्या असतात.

म्हातारपणी माणूस हट्टी आणि चिडका होतो, हा समज या आकड्यांत टिकत नाही. सरासरीने पाहिलं तर वयाबरोबर समजूतदारपणा वाढतो आणि साठीपर्यंत मनाची अस्थिरता कमी होत जाते. बहिर्मुखता आणि नव्याची ओढ उतारवयात काहीशी ओसरते. हे बदल वर्षानुवर्षांचे, संथ असतात. शांत माणूस दोन-चार महिन्यांत संशयी, शिवराळ किंवा बेफिकीर झाला, तर ते वयावर ढकलू नका. ती प्रश्नावलीची वेळच नाही. डॉक्टरांकडे न्या, मेंदूचा आजार, औषधांचा परिणाम, संसर्ग, थायरॉइड हे सगळं तपासून घ्या.

प्रेरणा मोजणाऱ्या प्रश्नावल्यांच्या बाजारात मात्र हातात धरण्यासारखं फार थोडं आहे. भविष्यकाळाच्या जाणिवेची कार्स्टेनसेन आणि लँग यांची १० वाक्यांची मोजपट्टी विचाराने भक्कम आहे. पुढचा काळ थोडा उरला असं वाटू लागलं की माणूस नव्या ओळखी सोडतो आणि जिवाभावाच्या माणसांना धरतो, हा कार्स्टेनसेन यांचा सिद्धांत त्यामागे आहे. म्हणून मित्रांची संख्या मोजून एकटेपणा ठरवू नये. वर्तुळ लहान झालं, ते अनेकदा स्वतःच्या निवडीने. पण पुढे अजून खूप आयुष्य आहे, अशा अर्थाची वाक्यं गंभीर आजारी माणसापुढे ठेवणं क्रूर आहे. संशोधनाबाहेर हिचा आग्रह नको. त्यापेक्षा डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या प्रेरणेविषयीच्या मांडणीतली साधी विभागणी हजेरीच्या वहीतच वापरता येते. माणूस व्यायामाला येतो, ते आवडतं म्हणून, महत्त्वाचं वाटतं म्हणून, न आल्यास कुणी बोलेल म्हणून, की का येतो हेच ठाऊक नाही म्हणून? पहिल्या दोन कारणांची माणसं टिकतात. तिसऱ्या कारणाची माणसं बोलणारी व्यक्ती रजेवर गेली की गळतात. चौथं उत्तर आलं, तर जीडीएस-१५ कडे वळा.

आता भरून घेण्याची पद्धत, कारण चांगली प्रश्नावलीही इथेच वाया जाते. अक्षर किमान १६ पॉइंटचं, पांढऱ्या कागदावर काळं, एका पानावर चार-पाच प्रश्न. चष्मा डोळ्यांवर आणि श्रवणयंत्र कानात चालू आहे ना, हे आधी बघा. उत्तरांचे पर्याय मोठ्या अक्षरांत वेगळ्या कार्डावर लिहून समोर ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी ते आठवावे लागत नाहीत. वेळ सकाळची, न्याहारीनंतर तासाभराने. झोपेचं किंवा तीव्र वेदनाशामक औषध घेतल्यावर लगेच नको, घरचे भेटून गेल्यावर त्याच तासात नको. मुलगा, सून किंवा खोलीत राहणारी दुसरी व्यक्ती शेजारी बसता कामा नये. ज्या कर्मचाऱ्याच्या हाताखाली रोजची सेवा आहे, त्यानेही विचारायचं नाही, नाहीतर उत्तरं त्याला बरं वाटावं म्हणून येतात. प्रश्न कळला नाही तर तो जसाच्या तसा पुन्हा वाचायचा, स्वतःच्या शब्दांत समजावायचा नाही. ‘म्हणजे तुम्ही आनंदी आहात ना?’ असं एकदा विचारलं की तो कागद गेला. भाषांतर तपासलेलंच वापरा. घाईत स्वतः केलेल्या भाषांतरात उलटी वाक्यं हमखास सरळ होतात.

किती वेळा? डब्ल्यूएचओ-५ दोन आठवड्यांचं विचारते, म्हणून महिन्यातून एकदा पुरे. कॅस्प-१९ सहा महिन्यांनी. स्वभावाची एकदाच. एका बैठकीत दोनपेक्षा जास्त नकोत, आणि वीस मिनिटांवर गेलं की थांबा.

आकडा हातात आल्यावर काय करायचं, याबद्दल दोन जुने प्रयोग माहीत असावेत. एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी १९७६ साली एका शुश्रूषागृहात एका मजल्यावरच्या लोकांना छोटे निर्णय आणि सांभाळायला एक रोप दिलं; दुसऱ्या मजल्यावर रोप दिलं, पण काळजी परिचारिका घेतील असं सांगितलं. पहिला गट जास्त उत्साही आणि सक्रिय दिसला. गट लहान होते, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत, पण कॅस्पमधल्या नियंत्रणाच्या चार प्रश्नांना इतकं वजन का, ते यातून कळतं. त्याच वर्षी रिचर्ड शुल्ट्झ यांनी विद्यार्थ्यांच्या भेटी सुरू केल्या. भेट कधी आणि किती वेळ हे ज्यांना ठरवता आलं, किंवा निदान आधी कळलं, ते सुधारले. मग प्रयोग संपला, भेटी थांबल्या, आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या तपासणीत हेच लोक जास्त खालावलेले आढळले. म्हणून स्वयंसेवकांच्या भेटींची योजना कॅस्पच्या आधारे आखताना शेवटही आधीच ठरवा: कुणाच्या भेटी किती महिने, त्या संपताना आठवड्यावरून पंधरवड्यावर आणि मग महिन्यावर कशा न्यायच्या, आणि नंतर फोन कोण करणार. हे माणसाला पहिल्याच दिवशी सांगा आणि तारीख त्याच्या कॅलेंडरवर त्याच्याच हाताने लिहू द्या.

भरलेले कागद कुलूपबंद ठेवा, नावाऐवजी क्रमांक टाका, आणि ज्याचे गुण आहेत त्याला ते बसून, सावकाश सांगा. त्याला पटलं नाही, तर त्याचं म्हणणं त्याच कागदाच्या मागच्या बाजूला तारखेसह लिहा. पुढच्या वेळी गुण काढण्याआधी ती मागची बाजू वाचायची.